गेजवरचं शून्य

अकबर-बिरबलाची रेघेची गोष्ट माहीत नाही असा प्राणी आपल्या होस्टेलमध्ये सापडणार नाही. बादशहाने जमिनीवर एक रेघ ओढली आणि फर्मावलं, "हिला हात न लावता लहान करून दाखवा." दरबारी गप्प. बिरबल उठला, शेजारी एक मोठी रेघ ओढली आणि मोकळा झाला. शाळेत बाईंनी याचं तात्पर्य सांगितलं होतं : दुसऱ्याची रेघ पुसू नका, आपली मोठी करा वगैरे. पण मंडळी, आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. आपण आधी पट्टी काढून मोजायला हवं होतं. पहिली रेघ एक मिलिमीटरनेही कमी झालेली नव्हती! सगळा दरबार "वाहवा, वाहवा" करत होता तेव्हाही ती बिचारी होती तेवढीच होती. फक्त तिच्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

हा लेख त्या पहिल्या रेघेबद्दल आहे. मोठी रेघ कशी ओढावी यावर भाषणं देणारे पुष्कळ आहेत, दर गॅदरिंगला एक प्रमुख पाहुणा येतोच.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे होस्टेलचं हे चौथं वर्ष. या चार वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य "उद्या सबमिशन आहे का रे?" हे नाही. ते आहे, "तुला किती पडले?" गंमत म्हणजे विचारणाऱ्याला आपल्या मार्कांत काडीचा रस नसतो. त्याला स्वतःचे मार्क वाचायचे असतात, आणि त्यासाठी आपले लागतात. हे असं का, याचा मी जरा शोध घेतला. मानसशास्त्राची पुस्तकं आपल्या लायब्ररीत एका कोपऱ्यात धूळ खात आहेत. एका सुट्टीत ती काढून बसलो, काही इकडून तिकडून वाचलं. त्यातलं जे पटलं ते इथे मांडतोय.

"दुसऱ्याशी तुलना करू नये" हा सल्ला आपल्याला लहानपणापासून मिळतो. (तो देणारी मावशीच पुढच्या वाक्यात शेजारच्या प्रसादचं पॅकेज सांगते, ते सोडा.) पण तुलना ही काही वाईट संगतीने लागलेली सवय नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं आहे. आपण कुठे आहोत हे कळण्याची माणसाला गरज असते. मोजायला पट्टी असेल तर माणूस पट्टी वापरतो, ती नसेल तेव्हा शेजारच्याकडे बघतो. शंभर मीटर किती सेकंदांत पळालास हे घड्याळ सांगतं. पण "मी बरा इंजिनिअर होईन का?", "मी चारचौघांत बोलतो तेव्हा बावळट दिसतो का?" याला घड्याळ कुठून आणणार? मग आपण रूममेटकडे बघतो.

फेस्टिंगरने आणखी एक सांगितलंय, आणि होस्टेलवाल्यांनी ते नीट वाचावं. माणूस वाटेल त्याच्याशी तुलना करत नाही, आपल्यासारख्याशीच करतो. सचिनच्या सेंच्युऱ्या बघून कोणाला न्यूनगंड येत नाही. पण आपल्याबरोबर गल्लीत खेळलेला पोरगा युनिव्हर्सिटी टीममध्ये गेला, की जेवण गोड लागत नाही. आता विचार करा : एकाच वयाची, एकाच परीक्षेतून आलेली, एकाच मेसची डाळ खाणारी दीड-दोनशे मुलं एका इमारतीत चोवीस तास कोंडायची आणि दर सहा महिन्यांनी त्यांना आकडे वाटायचे. तुलना व्हावी म्हणून मुद्दाम प्रयोगशाळा बांधायची ठरवली असती तरी याहून चांगली जमली नसती. मुलींच्या होस्टेलमध्ये वेगळं असेल असं मला वाटत होतं. वर्गातल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्या हसल्या.

तेव्हा तुलना होणारच. प्रश्न एवढाच, की या मार्गाने मिळणारं रीडिंग कितपत खरं असतं? माझं उत्तर : बरंच खोटं. कसं ते सांगतो.

मेकॅनिकलवाल्यांना गेज प्रेशर आणि ॲब्सोल्यूट प्रेशर शिकवतात. आम्हालाही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये होतं, पण तेव्हा ते मार्कांपुरतं डोक्यात गेलं. पंक्चरवाल्याकडचं गेज टायरमध्ये किती हवा आहे हे सांगत नाही. बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त दाब आहे, तेवढंच सांगतं. टायर पूर्ण बसला की गेज शून्य दाखवतं. म्हणजे आत काहीच नाही? तसं नाही. आत साधारण १४.७ पीएसआय दाबाची हवा असतेच, पण बाहेरही तेवढीच असल्यामुळे काटा हलत नाही. आता एक पक्कं बंद, न फुगणारं भांडं घ्या. त्याच्यावर गेज बसवा आणि ते मुंबईहून लेहला न्या, तापमान तेवढंच ठेवा. लेह आहे साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब कमी. काटा जवळजवळ पाच पीएसआयने वर चढेल. आत एक कणही नव्याने भरलेला नाही! भांडं तेच, आतला माल तोच, फक्त आजूबाजूची हवा बदलली.

आता हेच उलट करा. लेहचं भांडं मुंबईला आणा. आपल्यातले बहुतेकजण ते भांडं आहेत.

आपल्या विंगमध्ये कोणालाही विचारा, दहावीला शाळेत पहिल्या पाचात नव्हता असा क्वचित भेटेल. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात पेपरात फोटो आलेले, क्लासच्या फ्लेक्सवर झळकलेले, गावच्या गणेश मंडळाने शाल-श्रीफळ दिलेले सगळे इथे एकत्र आले. साठ जणांच्या वर्गात साठावा नंबर कोणाचा तरी येणारच, मग ते साठही हुशार का असेनात. पहिल्या सेमचा रिझल्ट लागतो आणि बावन्नाव्या नंबरचा पोरगा कॉटवर पडून विचार करतो, "मी आधी हुशार होतो, आता ढ झालो." झालेला काहीच नाही. बाहेरचा दाब वाढलाय. हर्बर्ट मार्श या संशोधकाने १९८४ पासून यावर खूप काम केलं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. जे मूल निवडक, हुशार मुलांच्या शाळेत पडतं, ते स्वतःला अभ्यासात कमी समजू लागतं. साध्या शाळेतलं तितकंच हुशार मूल स्वतःला बरं समजतं. छोट्या तळ्यातला मोठा मासा, अशा अर्थाचं नाव त्याने या प्रकाराला दिलं. निरनिराळ्या देशांतल्या मुलांमध्ये हा परिणाम पुन्हा पुन्हा दिसला आहे. म्हणजे होस्टेलमध्ये पहिल्या वर्षाला जे होतं ते तुमच्या एकट्याचं नाही, त्यावर चाळीस वर्षांचं संशोधन आहे.

त्यात आपल्याला मिळणारे आकडेही बहुतेक गेजचेच. २०१९ पासून एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे, बास. तुम्हाला इंटिग्रेशन कितपत येतं हे त्यात कुठेच नाही. ॲडमिशनची रांग लावायला आकडा ठीक आहे. पण आपण तो कपाळावर गोंदवून घेतो आणि चार वर्षं मिरवतो नाहीतर लपवतो.

हे सगळं मी गमतीने लिहितोय असं वाटेल, पण गंमत नाही. गेल्या वर्षी प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला तेव्हा आमच्याच विंगमधला एक मुलगा मेसमध्ये दिसेनासा झाला. आधी वाटलं घरी गेलाय. मग लक्षात आलं, तो रात्री दहानंतर टपरीवर जाऊन बिस्किटं आणि चहावर भागवत होता. कारण मेसमध्ये साडेआठला सगळे भेटतात आणि पहिला प्रश्न असतो, "काय झालं रे कालच्या इंटरव्ह्यूचं?" तीन कंपन्यांत तो शेवटच्या राउंडला जाऊन परत आला होता. पुढे पुढे त्याने लेक्चरला येणं सोडलं, घरचे फोन घेणं सोडलं. एका रात्री त्याच्या रूमपार्टनरने मला उठवलं, "जरा चल, हा वेगळंच बोलतोय." आम्ही तिघं पहाटेपर्यंत गच्चीवर बसलो. तो सारखं एकच म्हणत होता, "तुम्हा सगळ्यांचं झालं, माझंच काही नाही." सकाळी रेक्टर सरांना सांगितलं, सरांनी स्वतः गाडी काढून त्याला डॉक्टरांकडे नेलं, वडील आले. आज तो ठीक आहे. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितोय.

नंतर मी त्याचं ते वाक्य तपासून बघितलं. "तुम्हा सगळ्यांचं झालं." त्या दिवशी आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना नोकरी मिळालेली नव्हती! ज्यांना मिळाली होती त्यांचे स्टेटस होते, पेढे होते, लिंक्डइनवर लांबलचक आभारप्रदर्शन होतं. ज्यांना मिळाली नव्हती ते आपापल्या खोलीत दार लावून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की राहिलेला मी एकटाच. यश दिसतं, अपयश दिसत नाही. मग नुसतं दिसणारं मोजून सरासरी काढली तर ती चुकणारच. सॅम्पलच वाकडं!

सरासरीचंही एक आहेच. समजा दहा जणांना नोकऱ्या लागल्या. नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख. बेरीज ऐंशी लाख, सरासरी आठ लाख. "ॲव्हरेज पॅकेज आठ लाख" असं ब्रोशरवर छापून येतं आणि दहापैकी नऊजण स्वतःला ॲव्हरेजच्या खाली समजतात, तेही निम्म्याने. मेडियन काढलं तर चार लाख येईल. एम-थ्रीला हे शिकून आपण मार्क मिळवतो आणि रूमवर येऊन विसरतो.

मैत्रीचाही असाच एक मजेदार हिशेब आहे. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं, की सरासरीने बघितलं तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. सोपं उदाहरण : एका खोलीत चारजण. त्यातल्या एकाची बाकी तिघांशी मैत्री, त्या तिघांची आपापसांत नाही. तिघांना एक-एक मित्र आणि त्या मित्राला तीन-तीन. चारपैकी तिघांना वाटणार, "माझ्या मित्राला केवढे मित्र, मलाच कोणी नाही." यात कोणाचा स्वभाव वाईट नाही. ज्याला जास्त मित्र आहेत तो जास्त जणांच्या यादीत येतो, इतकंच. इन्स्टाग्रामवर फॉलोअर मोजणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

आणि जिंकणारे तरी सुखी असतात का? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची चित्रफीत घेऊन तीन अमेरिकन संशोधकांनी पदकविजेत्यांचे चेहरे लोकांना दाखवले आणि कोण किती आनंदी दिसतंय याला गुण द्यायला लावले. १९९५ मध्ये तो अभ्यास छापून आला. ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले! सिल्व्हरवाला वर बघतो : थोडक्यात गोल्ड हुकलं. ब्राँझवाला खाली बघतो : थोडक्यात वाचलो, नाहीतर काहीच नव्हतं. आमच्या वर्गात ९.१ पॉइंटरवाली मुलगी ९.३ वाल्यामुळे रडताना मी पाहिली आहे, आणि चारही केट्या सुटल्या म्हणून अख्ख्या विंगला वडापाव देणारा मुलगाही पाहिला आहे.

आता, यावर करायचं काय? "स्वतःवर प्रेम करा" छापाचे फॉरवर्ड मला पटत नाहीत. सकाळी आरशासमोर उभं राहून "मी ग्रेट आहे" म्हणायचं, हेही नाही. आरशाला खोटं लगेच कळतं. मला उपयोगी वाटलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली विल्यम जेम्सची. १८९० मध्ये त्याने मानसशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात चक्क एक फॉर्म्युला दिला आहे. आत्मसन्मान म्हणजे यश भागिले अपेक्षा. अंश वाढवा किंवा छेद कमी करा, उत्तर वाढतं. तो स्वतःचं उदाहरण देतो : मी मानसशास्त्रज्ञ म्हणून सगळं पणाला लावलंय, त्यामुळे कोणाला माझ्यापेक्षा जास्त मानसशास्त्र येत असेल तर मला लागतं. पण मला ग्रीक येत नाही याचं मला काहीही वाटत नाही. बघा, दोन्हीकडे अज्ञानच आहे, दुखतं ते जिथे पैज लावली आहे तिथेच. मग एका कागदावर लिहून काढावं, की मी कुठेकुठे पैज लावून बसलोय? कोडिंग, इंग्लिश, बॉडी, गिटार, बाईक, जीआरई... यातल्या किती पैजा माझ्या स्वतःच्या आहेत आणि किती रूममेटच्या बघून लावल्या? मी हे केलं तेव्हा अकरा निघाल्या. सात खोडल्या. गिटार ज्युनिअरला विकून टाकली, त्या पैशांत ट्रेक झाला.

दुसरी गोष्ट अल्बर्ट एलिसची, आणि ही मला जास्त मोलाची वाटते. एलिसने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. ती मराठीत आणण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं, आणि अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक तर आपल्यापैकी काहींनी वाचलंही असेल. एलिसचं म्हणणं ऐकून आधी धक्का बसतो. तो म्हणतो, आत्मसन्मान वाढवण्याच्या भानगडीतच पडू नका. कारण सन्मान म्हटला की मोजणं आलं. आज चांगले मार्क पडले म्हणून मी चांगला, तर उद्या कमी पडले की मी वाईट. त्यापेक्षा कृती मोजा, माणूस मोजू नका. अख्खा माणूस मोजायचा तर त्याने केलेली आणि पुढे करणार असलेली प्रत्येक गोष्ट मोजावी लागेल, प्रत्येकीला वेटेज द्यावं लागेल, मग बेरीज. कोण करणार? म्हणून स्वतःला विनाअट स्वीकारा आणि कामाला मात्र कडक मार्क द्या.

"मग अभ्यासच कशाला करायचा? स्वीकारलं की संपलं!" असं आमच्या विंगमधल्या एका महाभागाने लगेच विचारलं. तसं नाही ना बाबा. "मला एम-थ्रीमध्ये अठ्ठावीस पडले" हे रीडिंग आहे. त्याला युनिट आहे, पुढच्या वेळी ते बदलता येतं, आणि केटी ही केटीच, तिला दुसरं गोड नाव नाही. "मी फेल माणूस आहे" याला युनिटच नाही. व्हायवाला युनिट न लिहिता उत्तर दिलं तर सर जर्नल फेकतात, आणि इथे आपण स्वतःबद्दल बिनयुनिटची उत्तरं बिनधास्त लिहितो. उलट ज्यांनी आपली किंमत निकालावर टांगलेली असते त्यांची फरफट जास्त होते. जेनिफर क्रॉकर आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा २००२ मध्ये अभ्यास छापला. ज्यांची स्वतःची किंमत अभ्यासातल्या यशावर उभी होती, त्यांचं मन होकाराच्या दिवशी जास्त वर आणि नकाराच्या दिवशी जास्त खाली जात होतं. बाकीच्यांनाही वाईट वाटलं, पण पायाखालची जमीन हलली नाही.

जमिनीवरून आठवलं. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आम्ही डम्पी लेव्हल लावतो तेव्हा आधी बेंचमार्क ठरवतो. तो हलणार नाही अशा ठिकाणी हवा : जोत्याचा दगड, कल्व्हर्टची कड. आमच्या बॅचमधल्या एकाने घाईत टीबीएम पार्किंगमधल्या स्कूटरच्या फूटबोर्डवर घेतला होता. मालक येऊन स्कूटर घेऊन गेले आणि अख्ख्या बॅचची लेव्हल-बुक वाया गेली. रूममेटचा पॉइंटर ही तशीच स्कूटर. तो हलणारच, त्याला त्याच्या कामाला जायचंय. बेंचमार्क घ्यायचाच तर स्वतःच्या जुन्या कामावर घ्यावा. मी पहिल्या वर्षाची ड्रॉइंगशीट अजून जपून ठेवली आहे. इतकी घाणेरडी रेघ आहे की बघून बरं वाटतं.

आणि शेजारच्याकडे बघायचंच असेल, तर प्रश्न बदलून बघा. "किती पडले?" विचारलं तर आकडा मिळतो आणि जीव जळतो. "तो बीमचा प्रॉब्लेम तू कसा सोडवलास?" विचारलं तर बीमचा प्रॉब्लेम येतो. फेस्टिंगरने म्हटलंय ना, माणसाला माहिती हवी असते. मग कामाची माहिती घ्यावी की! आमच्या विंगमध्ये या सेमपासून मेसच्या टेबलावर प्लेसमेंट आणि पॉइंटर हे दोन विषय बंद आहेत. काढेल त्याने सगळ्यांना कटिंग पाजायचा. पहिल्या आठवड्यात टपरीवाल्याचा धंदा जोरात झाला, आता मंदावलाय.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन, की एखादा मेसमध्ये दिसत नसेल तर दार वाजवा. त्याने उघडलं नाही तर परत वाजवा. आणि रात्री स्वतःलाच असह्य झालं, कोणाला उठवायचा संकोच वाटला, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

स्टाफपैकी कोणी हे वाचत असतील (लायब्ररीवाले सर वाचतात, मला माहीत आहे) तर एक विनंती. प्लेसमेंटचा बोर्ड लावताना सरासरी पॅकेजच्या शेजारी मेडियनही लिहाल का? आणि वर्षअखेरीला अजून किती जणांना नोकरी मिळायची आहे तो आकडाही, नावं न टाकता. बोर्डावर जागा आहे, खालचा अर्धा भाग गेली दोन वर्षं रिकामाच असतो.